मावशीसाठी रजा नसते

१७ फेब्रुवारी

मला लहानाचं मोठं केलेली डोंगी इना म्हणाली, "रोज संध्याकाळी येऊन माझं डोकं खातेस. त्यापेक्षा वहीत लिही. वही उलटून बोलत नाही." म्हणून ही वही आणली. दुकानात एकच शिल्लक होती, मुखपृष्ठावर अस्वल फुगे धरून उभं आहे. असू दे.

आजची कुरकुर. हॉटेलातली सुपरवायझर बाई नोकरी सोडून ताइपेईला परत गेली. म्हणे रात्री समुद्राच्या आवाजानं झोप लागत नाही. समुद्रकाठच्या हॉटेलात नोकरी धरायची आणि समुद्राला गप्प बस म्हणायचं. हिच्या आधीचीला डास चावले, तिच्या आधीचीला इथं चांगली कॉफी मिळेना. आल्या तेव्हा एकीलाही गादीचा कोपरा कसा खोचतात ते येत नव्हतं. सगळ्यांना मी शिकवलं, आणि शिकवून झालं की त्यांच्याच हाताखाली मी राबले.

हॉटेल बांधायचं होतं तेव्हा ह्या लोकांनी गावात सभा घेतली होती. डुक्कर कापलं होतं. माइकवर सांगितलं होतं की जमीन तुमची, समुद्र तुमचा, तेव्हा कामंही तुम्हालाच. मिळाली की कामं. आमच्या बायका खोल्या झाडतात आणि आमची पोरं संध्याकाळी डोक्याला पिसं लावून पाहुण्यांसमोर नाचतात. काउंटरवर, भटारखान्यात, ऑफिसात बघावं तर सगळे पश्चिमेकडून आलेले पाइरांग, म्हणजे चिनी लोक. ते पक्के, आम्ही करारावर. दर जूनअखेर करार संपतो, आणि पुढचा होईपर्यंत जीव टांगणीला.

पण आज मॅनेजर ल्याओ साहेब चादरींच्या खोलीत आले आणि म्हणाले, "मावशी, या वेळी बाहेरून माणूस आणायचं नाही असं माझ्या मनात आहे." इथं सफाईच्या सगळ्या बायकांना मावशीच म्हणतात. पाहुणे म्हणतात, साहेब म्हणतात, माझ्याहून थोराड माणसंही म्हणतात. तेव्हा साहेब कुठल्या मावशीशी बोलतात हे नजरेवरून ओळखायचं असतं. आज नजर माझ्यावर होती.

२० फेब्रुवारी

कोलासचा फोन. त्याला सांगितलं तर हसत सुटला. म्हणाला, "म्हणजे आता फोनवर पण मॅडम म्हणू का?"

मी म्हटलं, "थट्टा सोड. सुपरवायझर झाले तर घरी येशील का, ते सांग."

लग्न झाल्यापासून हा माणूस ताओयुआनला सेंट्रिंगच्या कामावर आहे. लोकांचे वीस-वीस मजले उभे केले आणि आमच्या घराचं छत अजून गळतंय. त्याचा बाप तिकडेच होता, भाऊ तिकडेच आहेत. आमच्या गावातला पुरुष शोधायचा तर ताओयुआनच्या फळ्यांवर शोधावा लागतो. मी स्वतः सोळाव्या वर्षी तिकडे गेले होते आणि परत आले तेव्हा शपथ घेतली होती की पुन्हा नाही.

कोलास म्हणाला, "घरात एक पक्की नोकरी असली तर येईन. बोट दुरुस्त करीन, मासे धरीन, तुझं जेवण शिजवीन." शब्द दिला आहे. वहीत लिहून ठेवते, नंतर नाकबूल व्हायला नको.

३ मार्च

ताइचुंगची एक मुलगी आली आहे, छोटी फान. हॉटेलचा कोर्स केलेली, चोवीस वर्षांची, बादलीला पाय लागला तर बादलीला सॉरी म्हणणारी. ल्याओ साहेब म्हणाले, "मावशी, ही तुमच्या मदतीला. हिला सगळं शिकवा. काही हातचं राखू नका."

म्हणजे मला हाताखाली माणूस दिलं. एवढ्या लवकर देतील असं वाटलं नव्हतं. डोंगी इनाला सांगितलं तर ती सुपारीला चुना लावता लावता "हं" म्हणाली. तिला कशाचं कौतुक म्हणून नाही.

मुलगी गुणाची आहे. जेवायच्या सुट्टीत मला म्हणाली, "मावशी, तुमचं नाव काय?" इतकी वर्षं इथं आहे, कोणी विचारलं नव्हतं. आमच्या बिल्ल्यावर नुसतं 'सफाई विभाग' लिहिलेलं असतं. मी म्हटलं, हाफाय. आमच्यात राळ्याला हाफाय म्हणतात, ते धान्य. तेव्हापासून ती मला हाफायताई म्हणते. तिला गादीचा कोपरा शिकवला, दोनदा सांगावं लागलं नाही.

१५ मार्च

कोट आला.

चादरींच्या खोलीत प्लास्टिकच्या पिशवीत टांगला होता. गडद निळा, सोनेरी बटणं, खिशावर हॉटेलचं नाव. सुपरवायझरचाच. कोणी नव्हतं तेव्हा मी घालून बघितला. खांद्यात इतका घट्ट की हात वर होईना. शहरातले शिंपी माणूस न बघताच कापतात. संध्याकाळी पिशवीसकट गुपचूप डोंगी इनाकडे नेला. म्हटलं, जरा उसवून मोठा कर.

तिनं कोट उलटा केला, शिवणीतून बोट फिरवलं. म्हणाली, "आत माया सोडलेलीच नाही. हा तुझ्या मापानं बेतलेला नाही, पोरी."

"मी बारीक होईन," मी म्हटलं. "आजपासून चिकट भात बंद."

"भात बंद करून खांदे बारीक होत नाहीत," ती म्हणाली आणि कोट घडी करून माझ्या मांडीवर ठेवला. नंतर बराच वेळ खोकत बसली. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणते, दवाखाना डोंगरापलीकडे आहे, खोकला इथं आहे. जाताना शिवणयंत्र घेऊन जा म्हणाली, घरात अडचण होते. तिच्या घरात आहे काय अडचण व्हायला? एक पलंग आणि एक येशू. पण नेलं. म्हाताऱ्या माणसाशी कोण वाद घालणार.

कोट परत नेऊन टांगला.

२ एप्रिल

हॉटेलात नवं जेवणघर उघडलं, नाव ठेवलंय 'इना'. ऑफिसातल्या त्सेंग बाई मागच्या महिन्यात माझ्याकडे आल्या होत्या, तुमच्यात आईला काय म्हणतात ते विचारायला. मी म्हटलं, इना. पण जन्म देणारी एकटीच इना नाही. तिच्या बहिणी पण इना. आमच्या भाषेत मावशीला दुसरा शब्दच नाही.

"म्हणजे तुम्हाला आया किती?" त्यांनी विचारलं.

"माझी आई धरून पाच बहिणी. म्हणजे पाच. जन्म दिला सावमा इनानं, ती गेल्याच्या गेल्या वर्षी गेली, तुम्हीच तेव्हा रजा दिली होती. तिच्या अंगावर दूध नव्हतं म्हणून वाढवलं थोरलीनं, डोंगी इनानं. आता चार आहेत."

"किती गोड," बाई म्हणाल्या.

आज बघते तर मेन्यूवर तेच छापलंय, वर दिव्यासारखं काहीतरी सोनेरी काढून: 'इथल्या लोकांना अनेक आया असतात. प्रत्येकीच्या हाताची चव आमच्याकडे.' आचारी ताइपेईचा. खारवलेल्या डुकराला साखर लावतो. पाचातली एक जरी इना तिथं जेवली असती तर त्याच्या पाठीत कालथा घातला असता.

११ एप्रिल

पितरांची थडगी झाडायच्या सुट्ट्या संपल्या, चार दिवस पाठ टेकली नाही. छोटी फान तयार झाली आहे. वॉकीटॉकीवर सगळे मजले तीच सांभाळते, मी नुसती मागे उभी असते. ल्याओ साहेब खूश आहेत. म्हणाले, मे महिन्यात जिल्ह्याचे अधिकारी बघायला येणार आहेत की गावातल्या किती लोकांना काम दिलंय, त्याच्या आधी जाहीर करू.

ओसाय दुसऱ्या मजल्यावर असते, माझ्या बरोबरीची, जिभेला हाड नाही. मोऱ्या घासताना म्हणाली, "हाफाय, विहीर तू खणतेयस खरी, पण पोहरा कोणाच्या हातात आहे ते बघितलंस का?"

मी म्हटलं, "तुझ्या पोटात दुखतंय."

"दुखतंयच," ती म्हणाली. "तुझ्यासाठी."

तिला जळायचंच असतं. दुर्लक्ष केलं.

२४ एप्रिल

डोंगी इना गेली. सकाळी भाजी घेऊन गेले तर भिंतीकडे तोंड करून निजलेली होती. चूल साफ करून ठेवली होती. कपडे घडी करून ठेवले होते. सगळं आवरून गेली आणि मला एका शब्दानं बोलली नाही.

शिवणयंत्र तिनं मला का दिलं ते आत्ता कळतंय. मी मूर्ख, मला कोट दिसत होता.

२५ एप्रिल

हॉटेलात फोन केला. चिनीत बोलायचं तर इनाला आईच म्हणते मी, दुसरं तोंडात येतच नाही. म्हटलं, "माझी आई वारली. रजा हवी."

त्सेंग बाई मग म्हणाल्या, "मावशी, तुमची आई तर आधीच वारली होती ना?"

"ती सावमा इना. ही डोंगी इना."

"म्हणजे मावशी."

"मावशी नाही. आई. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"अहो, समजून घ्या. आई-वडील गेले तर आठ दिवसांची रजा असते. आजी-आजोबांना कमी, भावंडांना त्याहून कमी. मावशीसाठी रजा नसते."

पलीकडून कोणाला तरी त्या काय झालंय ते सांगत होत्या, आणि पलीकडचं माणूस हसलं. मी ऐकलं. फोन ठेवून दिला. कार्य होईपर्यंत मी जाणार नाही, काय करायचं ते करा.

कोलास रात्रीच्या गाडीनं निघालाय.

३० एप्रिल

परवा माती दिली. चर्च भरलं होतं. ताओयुआनहून, कीलुंगहून सगळे आले होते, गाव एकदा तरी भरलेलं दिसायचं तर कोणाला तरी मरावं लागतं.

आज पाकेलांग. मासे धरून सगळ्यांनी बसून खाल्ल्याशिवाय कार्य संपत नाही, मग लग्न असो की मरण. पुरुष जाळी घेऊन गेले, आम्ही बायकांनी ओहोटीला खडकांवरचे शिंपले काढले. ओसाय घसरून कमरेपर्यंत पाण्यात पडली आणि तिथूनच ओरडली, "डोंगी इनानं ओढलं मला, तिचा चाळीस वर्षांपूर्वीचा हंडा मी फोडला होता." सगळे पोट धरून हसलो. उरलेल्या तिन्ही इना माझ्या शेजारी बसल्या होत्या. एकीनं माशाचं डोकं माझ्या ताटात टाकलं. डोंगी इनाच टाकायची ते. मग मी रडले, सगळ्यांसमोर, आणि मग भात मागितला. चिकट भात, पोटभर.

कोणीतरी फोटो काढले. काढोत.

२ मे

आजचं सगळं लिहिणारच.

हॉटेलात पाऊल टाकताच ऑफिसात बोलावलं. ल्याओ साहेब, त्सेंग बाई. दार लावून घेतलं. साहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही खोटं का बोललात?"

"काय खोटं?"

"आई वारली म्हणून सांगितलंत. आई एकदाच वारते."

मी म्हटलं, "त्सेंग बाईंना विचारा. त्यांना सगळं माहीत आहे. खाली तुमच्या मेन्यूवर छापलंय."

त्सेंग बाई टेबलाकडे बघत राहिल्या. साहेब म्हणाले, "ते पाहुण्यांसाठी आहे. मेन्यूवर चालतं. कायद्यात आई एकच असते."

"तुमच्यात एकच असेल. तुमचं नशीब. आमच्यात नाही."

मग त्यांनी फोन पुढे केला. पाकेलांगचा फोटो. ओसाय पाण्यात, मी तोंड उघडून हसतेय, हातात शिंपल्यांची टोपली. "हा शोक चाललाय का? आई मेली म्हणून रजा घ्यायची आणि सहलीला जायचं? मी तुमच्यासाठी वर किती भांडत होतो, माहीत आहे? ह्या लोकांवर विसंबू नका असं मला सगळे सांगत होते. आता मी कोणत्या तोंडानं तुमचं नाव पुढे करू?"

मासे का खातात ते मी सांगू लागले. अर्ध्यात थांबले. ज्याला आई समजत नाही त्याला मासा काय समजणार.

तेवढ्यात दार वाजलं आणि छोटी फान आत आली. निळा कोट घालून. सोनेरी बटणं. खांद्यात तसूभर इकडं नाही, तसूभर तिकडं नाही. मला बघून ती पांढरीफटक पडली. मी फक्त तिच्या खांद्यांकडे बघत होते.

जिन्यात बसून विचार केला. कोट मार्चात शिवून आला. डोंगी इना एप्रिलात गेली. माझा खोटेपणा ह्यांना महिनाभर आधीच कळला होता म्हणायचं. म्हातारीला शिवणीत बोट घालून जे दिसलं ते मला इतके दिवस डोळ्यांनी दिसलं नाही. आणि मी तिला म्हटलं होतं, मी बारीक होईन.

३ मे

संताप संताप होतोय. नोकरी नाही दिली, नका देऊ. तुमच्याकडे ती कधी आमच्यासाठी नव्हतीच. पण सरळ तोंडावर सांगायची हिंमत नाही म्हणून माझ्या मेलेल्या आईच्या अंगावर पाय देऊन सांगता? गरज सरो, वैद्य मरो, तसं मुलगी तयार करून घेतली आणि मला चोर ठरवलं. काउंटरवरची पोरं आज कुजबुजत होती, "यांच्या आया दरवर्षी मरतात, सुगीच्या सणाला जोडून." पिसं लावून नाचणाऱ्या आमच्या पोरांनीही ऐकलं. मान खाली घालून नाचायला गेली.

ओसायची मी माफी मागितली. ती म्हणाली, "राहू दे. म्हणतात ना, माय मरो, मावशी जगो. ह्यांचं ते बरं आहे. आपल्यात मावशी मेली की माय मेली."

मग फडकं पिळता पिळता ती मध्येच थांबली. म्हणाली, "थांब. मावशी म्हणजे त्यांच्या लेखी नात्यातलं माणूसच नाही, खरं ना? मरायला आठ दिवस सोड, एक दिवसाची किंमत नाही."

"नाही."

"मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपल्याला मावशी कोणत्या नात्यानं म्हणतात?"

आम्ही चादरींच्या खोलीत सगळ्या जणी होतो. सगळ्यांचे हात थांबले.

१४ मे

आज अधिकारी येणार होते. सकाळपासून धावपळ. आम्हाला गावचे लाल पोशाख घालून यायला सांगितलं होतं, फोटोसाठी. आलो.

अधिकारी दारात उतरले आणि नेमका तिसऱ्या मजल्यावर कोणा पाहुण्याच्या न्हाणीघराचा नळ तुटला. पाणी जिन्यावरून खाली. वॉकीटॉकीवर ल्याओ साहेबांचा आवाज आला, "मावशी, तिसऱ्या मजल्यावर या. लवकर."

आम्ही सगळ्या चादरींच्या खोलीत बसलेल्या. वॉकीटॉकी मध्ये ठेवलेला. कोणी हात लावला नाही.

"मावशी, ऐकू येतंय का? मावशी?"

ओसाय घडी घालत होती, तिनं चादर नीट जुळवली. वर पाणी वाहत होतं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. ह्या बायकांचे करार माझ्यापायी जायचे. मी उठू लागले तर ओसायनं माझ्या पोशाखाचं टोक धरलं आणि खाली बसवलं.

शेवटी साहेब स्वतः आले. पँट घोट्यापर्यंत भिजलेली. "मावशी, बहिऱ्या झालात का?"

कोणी मान वळवली नाही. ओसायच म्हणाली, शांतपणे, "साहेब, इथं तुमची मावशी कोणी नाही. ऑफिसनं तपासून सांगितलंय, आमचं नातं धरायचं नाही म्हणून. तुम्हाला कोण हवंय? नाव सांगा, येते ती."

साहेबांनी एकेकीकडे बघितलं. मग आमच्या छातीवरच्या बिल्ल्यांकडे बघितलं. सफाई विभाग, सफाई विभाग, सफाई विभाग. तीन वर्षं हा माणूस रोज आमच्यासमोर उभा राहिला आणि त्याला एक नाव येईना. मला वाटलं होतं की हे बघून हसू येईल. नाही आलं.

दारात त्यांच्या मागे छोटी फान उभी होती, निळ्या कोटात. तिनं हळूच म्हटलं, "हाफायताई. ओसायताई. तुम्ही याल का? मला एकटीला नाही जमणार." मग बाकीच्यांची नावंही घेतली. सगळी बरोबर घेतली, आमच्या उच्चारात.

आम्ही उठलो. पाणी काढलं, लाल पोशाख गुडघ्यापर्यंत खोचून. नंतर अधिकाऱ्यांनी आमच्याबरोबर फोटो काढला आणि हॉटेलनं गावासाठी फार केलं म्हणून साहेबांचा हात हातात घेतला. माझ्याशेजारी उभा राहिलेला अधिकारी मला म्हणाला, "मावशी, जरा हसा."

मी नाही हसले. माझा हसण्याचा फोटो त्यांच्याकडे आहेच.

२८ मे

नवे बिल्ले आले, नावं छापलेले. ओसाय दिवसभर छाती काढून फिरत होती. तिनं पाहुण्यांना वाचायला लावलं. एका लहान पोरीनं अडखळत वाचलं तर तिला साबणाची छोटी वडी बक्षीस दिली.

माझा आला नाही. छोटी फान म्हणाली, छापखान्यात राहिला असेल. खाली बघून म्हणाली. त्या पोरीला खोटं बोलायला मी शिकवलेलं नाही, म्हणून जमत नाही.

३० जून

बाकी सगळ्यांचे करार झाले. अधिकाऱ्यांना आकडा दाखवायचा असतो ना. माझा झाला नाही. कारण विचारलं तर त्सेंग बाई म्हणाल्या, वरून आलंय. वर कोण असतं कोणाला ठाऊक, आम्हाला नेहमी खालचीच माणसं भेटतात.

छोटी फान बसथांब्यापर्यंत आली. कोट काढून हातावर घेतला होता. म्हणाली, "ताई, मला कळायला हवं होतं." मी म्हटलं, "मलाही." ती रडायला लागली म्हणून मग मलाच तिची समजूत घालावी लागली. हे बरं आहे. म्हटलं, गादीचे कोपरे नीट खोचत जा आणि समुद्राचा आवाज आला तर खिडकी उघडून झोप, बंद करून नको.

कोलासला फोन केला. त्यानं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "इकडे ये. एका खोलीत राहू." त्याचा शब्द त्यानं पाळला असता, मला माहीत आहे. पाळायला मीच काही दिलं नाही. नाही, असं का लिहितेय मी. मी दिलं नाही असं नाही. दिलं नाही ते त्यांनी.

४ जुलै

शिवणयंत्रावर चादर घातली. तिन्ही इना निरोप द्यायला आल्या. एकीनं सुकवलेला मासा दिला, एकीनं सुपारी, तिसरी नुसती माझ्या खांद्यांवरून हात फिरवत बसली. म्हणाली, "चांगले रुंद आहेत. डोंगीसारखे." बस डोंगर ओलांडून युलीला जाते, तिथून गाडी. सणाला परत येईन म्हटलं. सगळे तसंच म्हणून जातात.

९ जुलै, ताओयुआन

एका मोठ्या हॉस्पिटलात सफाईचं काम आहे म्हणून ओळखीच्या बाईनं पाठवलं. टेबलापलीकडे चष्मेवाला तरुण मुलगा, बोलायला बरा. "या मावशी, बसा," म्हणाला.

"हाफाय," मी म्हटलं.

"काय?"

"माझं नाव. हाफाय."

त्यानं लिहिलं. एकदा चुकलं, मी सांगितलं, खोडून पुन्हा लिहिलं. कुठलं गाव, किती वर्षं काम केलं, पाठदुखी आहे का. पूर्वेकडच्या बायका कामाला चांगल्या असतात म्हणाला, फक्त सारख्या रजा टाकून गावाला पळतात. हसत हसतच म्हणाला. वाईट मनानं नाही. वाईट मनानं कोणीच म्हणत नाही.

"घरी कोण कोण?"

"नवरा. तो इथंच आहे, सेंट्रिंगवर."

"वडील?"

"नाहीत."

"आई आहे?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, नाही म्हणायचं. सोपं होतं. काम मिळालं असतं आणि पुढं कोणाला काही सांगावं लागलं नसतं. मावशी म्हणायचं, मान खाली घालायची, रजा मागायची नाही.

"आहेत," मी म्हटलं. "तीन."

त्यानं पेन थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तीन आया?"

"होत्या पाच. दोन गेल्या, तीन आहेत. लिहा. आत्ताच लिहून घ्या, म्हणजे पुढं त्यातली एखादी गेली की मला खोटारडी म्हणायचं नाही."

त्याचं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं. मी खुर्चीवर टेकून बसले. तो लिहीपर्यंत मी उठणार नव्हते.